‘एक अनेक’च्या गाण्याचे नाशिकशी नाते

दूरदर्शनवर लहानाचे मोठे झालेल्या नाशिककरांना ‘एक अनेक और एकता’ हे कार्टून आजही चालीसकट आठवते. विजया मुळे यांच्या १९७४ च्या या लघुपटात ताई धाकट्या भावाला ‘अनेक’ म्हणजे काय, ते समजावते. जाळ्यासकट उडणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट गाण्यातूनच उलगडते. त्यामुळे धडा कुणाला पाठ करावा लागला नाही. भीमसैन यांची चित्रे, वसंत देसाईंचे संगीत, छोट्या साधना सरगमचा स्वर. गाणे उरले, नावे मात्र विस्मरणात गेली. देसाई तर १९७५ मध्येच निवर्तले. गीतकार पं. विनयचंद्र मौद्गल्य हे दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक. म्हणजेच, नाशकात रामनाम आधार आश्रम स्थापणाऱ्या पं. विष्णू दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले.