सरलेले वर्ष आणि लागलेले वर्ष

दरसाल २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला, आपल्या देशाचे अधिकृत नवे वर्ष सुरू होते. परंतु बहुसंख्य देशबांधवांना त्याचा पत्ताही नसतो. १ जानेवारीचा गाजावाजा होतो, पाडव्याला दारोदार गुढ्या उभारल्या जातात. भारताच्या राजपत्रावर जे शकवर्ष छापले जाते ते मात्र निमूटपणे येते आणि निमूटपणे जाते. या उपेक्षेत आपण काय गमावीत आहो, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

१९९९ सालच्या अखेरीस साऱ्या जगाने नव्या शतकाचे स्वागत केले. वास्तविक एकविसावे शतक १ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले. हाच घोळ शंभर वर्षांपूर्वीही झाला होता. जर्मनीच्या कैसर विल्हेल्मने १ जानेवारी १९०० हाच विसाव्या शतकाचा आरंभ ठरविला, तर इतरत्र बहुधा १९०१ हे वर्ष मानले गेले. डायोनिसियस एक्झिग्युअस या भिक्षूने इ. स. ५२५ च्या सुमारास ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची रीत घातली, तेव्हा युरोपला शून्याची ओळख नव्हती. म्हणून इसवी सनाला शून्य वर्ष नाही, इ. स. पूर्व १ संपताच इ. स. १ लागते. साहजिकच दोन हजार वर्षे पुरी झाली ती २००० साल संपल्यावर, ते उजाडल्यावर नव्हे.

आपल्या घरांत मुलाचे वय सांगताना ‘पाच पुरी होऊन सहावे लागले’ असे म्हणतात. इसवी सन लागलेले वर्ष सांगतो, तर आपली ज्योतिषपरंपरा बहुधा सरलेली वर्षे सांगत आली. कलियुगाची ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो, असे आर्यभटाने नोंदविले. शून्याच्या गणिताचे नियम घालून देणाऱ्या ब्रह्मगुप्तानेही आपल्या ग्रंथाचा काळ शकाची ५५० वर्षे गेल्यावरचा म्हणून सांगितला. गतवर्षांच्या या हिशेबात शके २००० लागेल, त्याच दिवशी दोन हजार वर्षे पुरी झालेली असतील. तेथे वादाला जागाच उरत नाही.

अशी परंपरा असलेल्या देशात स्वातंत्र्याच्या वेळी तिसाहून अधिक पंचांगे प्रचारात होती. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी व ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते. समितीने १९५५ साली अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिची रचना अगदी सुटसुटीत आहे. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, बाकीचे ३० दिवसांचे; लीप वर्षी मात्र चैत्राला एक दिवस अधिक. वर्षारंभ वसंतसंपाताच्या लगतचा असल्यामुळे ऋतू व महिने यांची ताटातूट होत नाही.

तरीही ती रुजली नाही, याचे कारण उघड आहे. लोकांचे सण तिथीवर चालतात आणि कारभार इसवी तारखेवर. या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या गणनेला आसरा मिळाला नाही. त्यातून पाडव्याला बदलणारा शक आणि हा शक यांचा आकडा एक, पण वर्षारंभ वेगळा. सामान्य माणूस गोंधळला तर नवल नाही. जगाशी व्यवहार इसवी सनानेच करावा लागणार, हेही आम्हांस मान्य आहे. इसवी सन टाकून द्या, अशी मागणी कोणीही समंजस माणूस करणार नाही.

आमचे मागणे अगदी माफक आहे. संसदेच्या कायद्यांवर शकतारीख असते; हिंदीत लिहून शकतारीख घातलेला धनादेश बँकांनी स्वीकारावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाही आहे. मग शाळेच्या फळ्यावर इसवी तारखेशेजारी ती तारीख रोज लिहिण्यास अडचण कोणती? त्यासाठी एक पैही खर्चावी लागणार नाही. वर्ष सूर्याशी कसे जुळते, शून्यापासून मोजणे म्हणजे काय, हे त्या एका ओळीतून मुलांना कळू लागेल.

२२ मार्च २०७८ रोजी राष्ट्रीय शक २००० सुरू होईल. आज पहिलीत बसलेली अनेक मुले तो दिवस पाहतील. त्या दिवसाचा अर्थ त्यांना ठाऊक असावा, एवढी तरतूद आजच्या पिढीने करून ठेवणे हे तिचे कर्तव्य आहे.