पुनःपुन्हा करावयाची कामे

शाळेची इमारत एकदा बांधली, की ते काम संपते. परंतु पिण्याच्या पाण्याची टाकी वारंवार धुवावी लागते. अशा कामांना 'आवर्ती कामे' म्हणतात. त्यांचे विस्मरण होऊ नये, म्हणून आता पुष्कळ ठिकाणी कामांचे नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरचे साहाय्य घेतात. काम कोणते, ते कोणी करावयाचे व किती दिवसांनी, एवढे एकदा नोंदवले, की ठरलेल्या दिवशी ते त्या माणसाच्या यादीत आपोआप येते.

परंतु नोंद करताना विचार करावा लागतो. 'टाकी दरमहा ३१ तारखेला धुवावी' असे लिहिले, तर काय होईल? वर्षातील सातच महिन्यांना ३१ तारीख असते. संगणकीय दिनदर्शिकांसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार, महिन्यात नसलेली तारीख सोडून दिली जाते. म्हणजे टाकी पाच महिने धुतलीच जाणार नाही! म्हणून 'महिन्याच्या शेवटच्या दिवशी' असे नोंदवावे.

दुसरी गोष्ट अशी, की पगार ठरल्या तारखेसच द्यावयाचा असतो. पंपाला तेल देण्याचे दिवस मात्र मागील वेळी तेल दिले तेव्हापासून मोजावे लागतात. कामाचा स्वभाव ओळखून यांपैकी योग्य रीत निवडावी.

संगणक केवळ आठवण देतो. टाकी माणसालाच धुवावी लागते. ती न धुताच 'काम झाले' अशी खूण केली, तर यादी स्वच्छ दिसेल. पाणी मात्र अस्वच्छच राहील.