वाफेआडचा धूर

चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई कोरड्या खोकल्यासाठी माझ्याकडे घेऊन आली. घरात कोणी विडी-सिगारेटला शिवत नाही, हे तिने न विचारताच सांगितले. दम्याची शक्यता धरून मी इनहेलर लिहून दिला. तीन आठवड्यांनीही खोकला तसाच होता. तेव्हा आईला बाहेर बसवून मी मुलाशी बोललो. मान खाली घालून तो म्हणाला, “अंकल, सिगारेट नाही ओढत. फक्त आंब्याच्या वासाची वाफ असते.” हा प्रश्न पहिल्याच भेटीत न विचारल्याची खंत मला आजही आहे.

ती नुसती वाफ नसते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटिन यांचे ते मिश्रण असते. तापलेल्या तारेवर त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये निर्माण होतात आणि धातूंचे सूक्ष्म कण फुप्फुसांत उतरतात. श्वासमार्ग स्वच्छ ठेवणाऱ्या सूक्ष्म रोमांचे कार्य मंदावते, दाह वाढतो, दमा बळावतो. विशीपर्यंत फुप्फुसांची वाढ चालू असते; म्हणून हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांचाही आहे.

२०१९ साली अमेरिकेत अशा उपकरणांमुळे फुप्फुसांना तीव्र इजा होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. गांजातील द्रव्य असलेल्या द्रवात मिसळलेले ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ हे त्याचे प्रमुख कारण ठरले. मात्र त्याविना इतर वाफ निर्दोष ठरत नाही.

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेलंगण विधानसभेनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये हुक्का पार्लरवरील बंदीचे विधेयक मंजूर केले. तरीही पेनड्राइव्हसारखे दिसणारे हे यंत्र दप्तरात पोहोचतेच.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती, की किशोरवयीन रुग्णाचा खोकला लांबला तर त्याच्याशी एकांतात बोलावे आणि ‘सिगारेट’ एवढाच शब्द वापरून थांबू नये. पालकहो, उत्तर ऐकताना संताप आवरावा. धाकाने सवय सुटत नाही, ती लपते.

पुढच्या भेटीत त्या मुलाने ते यंत्र स्वतःहून माझ्या टेबलावर ठेवले. आईला कसे सांगायचे, ते आम्ही दोघांनी मिळून ठरवले.