पुस्तक घ्या, पण साल बघून!

मैत्रिणींनो, दुपारच्या फावल्या वेळात पीएचपी शिकून स्वतःची वेबसाइट करायचं मनात आहे ना? मग मसाल्याच्या पाकिटावरची तारीख बघता, तसं पुस्तकाचं साल आधी बघा. जुनं पुस्तक स्वस्तात मिळतं खरं. पण त्यात डेटाबेस जोडायला ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ सांगितलं असेल, तर ते खाली ठेवा. २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून ही आज्ञा काढून टाकली. त्याजागी ‘मायएसक्यूएलआय’ किंवा ‘पीडीओ’ हवं. नाहीतर पुस्तकातलं अक्षर न् अक्षर उतरवलं तरी चूकच दिसणार, आणि तुम्हाला वाटणार, ‘आपल्याला काही जमायचं नाही!’ पीएचपी ८ आली २०२० मध्ये. तिच्यावरचंच पुस्तक निवडा. शिळं पुस्तक, अन् हिरमुसायचं मात्र तुम्ही, असं कशाला?