भुताची हवेली आणि थेटरातला सांगाडा

‘हाउस ऑन हॉन्टेड हिल’ हा १९५९ साली आलेला अमेरिकन भयपट जेमतेम सव्वा तासाचा, कृष्णधवल आणि अगदी थोडक्या खर्चात उरकलेला आहे. फ्रेडरिक लोरेन हा कोट्यधीश एका बदनाम घरात बायकोच्या नावाने मेजवानी ठेवतो. पाच पाहुणे बोलावतो आणि सकाळपर्यंत जो टिकेल त्याला दहा हजार डॉलर देऊ करतो. मध्यरात्री दारे बंद होतात. प्रत्येक पाहुण्याला खेळण्यातल्या शवपेटीत ठेवलेले एकेक पिस्तूल मिळते. लोरेनच्या भूमिकेत व्हिन्सेंट प्राइस आहे. त्याच्या गोड, सावकाश बोलण्याने भीती वाढते की कमी होते, यावर आजही दोन मते पडतात.

हा चित्रपट लक्षात राहिला तो मात्र पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा थिएटरात घडणाऱ्या एका प्रकारामुळे. दिग्दर्शक विल्यम कॅसल याने त्याला ‘इमर्गो’ असे नाव दिले होते. तळघरातल्या तेजाबाच्या हौदातून सांगाडा वर येतो, त्याच क्षणी पडद्याशेजारच्या पेटीतून प्लॅस्टिकचा खराखुरा सांगाडा बाहेर निघायचा आणि तारेवरून सरकत प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जायचा. थोड्याच दिवसांत ही बातमी मुलांमध्ये पसरली. मग मुले भिण्याऐवजी तयारीनेच येऊ लागली आणि सांगाड्यावर हातातले खोके, लाह्या, जे सापडेल ते भिरकावू लागली.

कॅसलची ही एकमेव युक्ती नव्हती. आधीच्या ‘मकाब्र’ (१९५८) या चित्रपटाच्या वेळी त्याने भीतीने मरण आल्यास हजार डॉलर मिळतील, असा विमा प्रत्येक प्रेक्षकाच्या नावे काढला होता. ‘द टिंगलर’ला (१९५९) काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रे बसवली. ‘थर्टीन घोस्ट्स’ला (१९६०) लाल आणि निळ्या काचेचा एक पुठ्ठा हातात दिला: एका काचेतून पाहिले तर भुते दिसत, दुसरीतून पाहिले तर नाहीशी होत. भित्र्या माणसालाही तिकीट काढता यावे, इतका विचार त्यात होता.

या प्रकारच्या चित्रपटांवर पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा की करामत म्हणजे कमकुवत कथेला लावलेले ठिगळ. ‘हाउस ऑन हॉन्टेड हिल’च्या बाबतीत आक्षेपाला आधार आहे. बायको आणि तिचा प्रियकर नवऱ्याला संपवण्याचा जो बेत रचतात, तो पाहुण्यांतल्या नोरा या घाबरलेल्या मुलीने नेमक्या वेळी नेमक्या माणसावर गोळी झाडण्यावर अवलंबून आहे. इतका ठिसूळ बेत कोणी शहाणा माणूस रचणार नाही. घर बाहेरून दिसते ते फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पीने बांधलेले, १९२४चे, काँक्रीटच्या नक्षीदार ठोकळ्यांचे एनिस हाउस. आत मात्र जुन्या व्हिक्टोरियन थाटाचे जिने आणि झुंबरे आहेत. बाहेरचे घर आणि आतले घर एकमेकांना ओळखतही नाहीत.

पण ठिगळाचा आक्षेप इथे पुरता लागू पडत नाही. शेवटी हौदाजवळच्या अंधारातून लोरेन पुढे येतो, तेव्हा त्याच्या अंगावर दोऱ्या आणि चक्रे बांधलेली दिसतात. सांगाडा तोच हलवत होता. म्हणजे थिएटरात प्रेक्षकाच्या डोक्यावर तार आहे आणि पडद्यावरच्या सांगाड्यालाही दोरीच आहे, ही गोष्ट चित्रपट स्वतः उघड सांगतो. करामत आणि कथा इथे एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत. ज्यांनी हा चित्रपट नुसता फसवाफसवीचा ठरवला, त्यांच्या नजरेतून त्यातली ही सर्वांत हुशार जागा निसटली.

दुसरी एक जागा सगळेच मान्य करतात. तळघरात एकटी सापडलेली नोरा वळते आणि तिच्या अगदी शेजारी पांढऱ्या केसांची, पंजे उगारलेली म्हातारी उभी असते. मग ती पाऊल न उचलता, घसरत नेल्यासारखी दाराबाहेर जाते. इथे तार नाही, चष्मा नाही, विमा नाही. तरी साठ वर्षांनंतरही पाहणारा दचकतो. कॅसलला नुसता जाहिरातबाज म्हणणाऱ्यांनी या एका क्षणाचा तरी हिशोब द्यायला हवा.

महाराष्ट्रात या जातीचा चित्रपट रुजवला तो रामसे बंधूंनी. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी आडनावाचे ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले. १९७० साली त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक किंचाळतात, हे तुलसी आणि श्याम या भावांनी थिएटरात बसून पाहिले. सगळा चित्रपट त्या प्रसंगासारखा केला तर, या विचारातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) जन्मला. महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात तो पूर्ण झाला. सात भावांनी कामे वाटून घेतली होती. दिग्दर्शन तुलसी-श्यामचे, कॅमेरा गंगूचा, आवाज किरणचा. घरच्या शेतीत राबावे तसा हा कारभार होता, आणि स्वस्तपणाचे रहस्यही तेच.

‘पुराना मंदिर’ (१९८४) हा त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट. सामरी नावाच्या सैतानाचे शिर राजा धडावेगळे करतो आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बंदिस्त करतो. मरताना सामरीने दिलेल्या शापामुळे त्या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरत राहतात. पुढच्या पिढीतली मुलगी प्रियकराला आणि मित्रांना घेऊन त्या जुन्या हवेलीत येते. ही हवेली म्हणजे मुरूडचा, जंजिऱ्याच्या नवाबाचा समुद्राकाठचा राजवाडा. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की फारशी रंगरंगोटी लागलीच नाही. मध्येच जगदीपचे ‘शोले’वर बेतलेले विनोदी प्रकरण येते आणि भीतीची घडी विस्कटते. समीक्षकांनी या मिसळीला नावे ठेवली. प्रेक्षकाला ती चालली, कारण तीन तासांच्या खेळात घाबरण्याइतकीच मोकळे होण्याचीही जागा लागते.

मराठवाड्यात, नांदेड आणि लातूर या बाजूला, हे चित्रपट पोहोचत ते मुंबईच्या नव्हे, ‘निजाम’ सर्किटमधून. चित्रपट वितरणाच्या धंद्यात देशाचे जे विभाग पडले, त्यात जुन्या हैदराबाद संस्थानाची हद्द जवळजवळ तशीच राहिली. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, तरी वितरकांच्या वहीत तो हैदराबादच्याच पानावर राहिला. ही गोष्ट भयपटांच्या बाबतीत महत्त्वाची आहे. रामसेंनी आपला प्रेक्षक मोठ्या शहरांतल्या चकचकीत थिएटरांत शोधलाच नाही. जिल्ह्याचे आणि तालुक्याचे गाव, तिथले एकपडदा थिएटर, बाल्कनीपेक्षा खाली गर्दी, हा त्यांचा मुलूख. मुंबईच्या वर्तमानपत्रांत ज्यांची दखल चार ओळींत संपे, ते चित्रपट अशा गावांत पुन्हा पुन्हा लागत.

या भागातल्या प्रेक्षकाला करामतीची सवय सिनेमाने लावलेली नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड, आणि त्यांच्या आजूबाजूला मौत का कुआँ, पाळणे, आरशांचे तंबू. लातूरच्या सिद्धेश्वराची जत्रा महाशिवरात्रीला. जत्रेतल्या भूतबंगल्यात शिरणाऱ्याला पुढे काय होणार याची चांगली कल्पना असते: अंधार, पायाखाली हलणारी फळी, अचानक पेटणारा लाल दिवा, अंगावर येणारा कापडी हात. तरी तो पैसे देतो आणि बाहेर आल्यावर मित्राला आत ढकलतो. भूत खोटे असल्याचे ठाऊक असूनही ओरडण्याची सोय तिथे विकत मिळते. एकपडदा थिएटरातली शिट्टी, मागच्याने पुढच्याच्या मानेवर ठेवलेला गार हात, दार करकरले की तिसऱ्या रांगेतून कोणीतरी मारलेली आरोळी हे सगळे त्याच व्यवहाराचे भाग आहेत. कॅसलला तार आणि पेटी लागली. इथे ते काम प्रेक्षकच एकमेकांसाठी करत आला.

रामसेंच्या हवेलीत आणखी एक गोष्ट मराठवाड्याला ओळखीची वाटे. पडद्यावर हवेलीचा मालक ठाकूर असतो, पण उंच दरवाजा, आतला चौक, बंद तळघर आणि गावाने त्या वाटेने रात्री न जाणे, हे सगळे देशमुखाच्या गढीचे वर्णन आहे. पांढऱ्या मातीच्या ढासळत्या गढ्या या भागात गावोगाव दिसतात. जुन्या मालकाचे पाप घराला चिकटून राहते आणि नातवंडांना फेडावे लागते, ही कल्पना जमीनदारीच्या मुलखात पटवून द्यावी लागत नाही. या चित्रपटांतला खरा आशय इथे आहे, आणि तो स्वस्त मुखवट्यांमागे झाकला गेला याचे वाईट वाटते.

लातूर जिल्ह्यात घराच्या भीतीला पुढे वेगळाच अर्थ आला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. वाचलेली माणसे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि चांगल्या उभ्या घरातही निजायला लोक धजत नव्हते. हवेलीच्या भयपटात घर कितीही शापित असले तरी शेवटपर्यंत उभे राहते. भिंत टिकेल हा विश्वास त्या खेळाच्या मुळाशी असतो.

करामतीच्या अंगाने रामसेंनी केलेला सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे ‘सामरी’ (१९८५). ‘पुराना मंदिर’मधल्या सैतानाचे नाव आणि तोच चेहरा घेऊन त्यांनी तो थ्रीडीत काढला. आदल्या वर्षी केरळच्या नवोदय संस्थेचा ‘माय डिअर कुट्टीचातन’ हा भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट आला होता. हिंदीत तो ‘छोटा चेतन’ झाला. तेव्हाच्या पद्धतीत डाव्या आणि उजव्या डोळ्यांची दोन चित्रे फिल्मच्या एकाच चौकटीत वर-खाली छापलेली असत. प्रोजेक्टरपुढची खास भिंगे ती एकमेकांवर आणत आणि दोन्हींच्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वेगवेगळी करत. चष्म्याची एकेक काच एकाच दिशेचा प्रकाश आत सोडते, म्हणून प्रत्येक डोळ्याला आपापले चित्र मिळते आणि मेंदू त्यातून खोली तयार करतो.

यासाठी पडदाही चंदेरी लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटून प्रकाशाची दिशा विस्कटते, आणि मग दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रे दिसून नुसते डोके दुखते. चष्म्यामुळे उजेड निम्म्याहून कमी होतो. भयपटात आधीच अंधार जास्त, त्यामुळे ज्या थिएटरचा दिवा मंद त्याच्या प्रेक्षकाला भूत धड दिसतही नसे. पडदा, भिंगे आणि धुऊन परत वापरायचे चष्मे हा खर्च लहान गावातल्या थिएटराला पेलणे अवघड. रामसेंचा प्रेक्षक जिथे होता तिथेच ही करामत नीट पोहोचणे सर्वांत कठीण होते. पुढच्या ‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) या चित्रपटांत ते साध्या पडद्याकडे परतले. १९९३ साली ‘झी हॉरर शो’मधून ते घरातल्या टीव्हीवर आले.

थिएटरबाहेरच्या आमिषाची परंपरा मात्र तुटली नाही. २००८ साली रामगोपाल वर्मा यांनी ‘फूंक’ हा चित्रपट एकट्याने थिएटरात बसून पाहणाऱ्याला पाच लाखांचे बक्षीस जाहीर केले. कॅसलच्या विम्याचाच हा उलटा प्रकार. मराठीत महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ने (१९९३) बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू दिला. त्याच्यामागची खरी करामत रामदास पाध्ये यांच्या हातांची होती. २०१३ साली आलेला ‘झपाटलेला २’ हा पहिला मराठी थ्रीडी चित्रपट. पण पहिल्या भागात चष्म्याशिवाय बसलेली धास्ती दुसऱ्यात चष्मा घालूनही बसली नाही. बाहुल्याच्या डोळ्यांची उघडझाप पाहून लहान मुले खुर्चीत पाय वर घेत. ती भीती हस्तकलेची होती, भिंगाची नव्हती.

अलीकडचे मराठी मातीतले भयपट करामतीशिवाय उभे राहिले. ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या फडात हरवलेले घर दाखवले. ऊस अंगावर घेऊन वाढलेल्या लातूरकराला तो चक्रव्यूह समजावून सांगावा लागत नाही. ‘तुंबाड’ (२०१८) पहिल्या वेळी बेताचा चालला आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने आधीपेक्षा जास्त कमाई केली. तो घरी बसून पाहिलेले लोकच तिकीट काढून आले, अंधारात चारचौघांसोबत बसायला.

जुन्या करामतीच्या चित्रपटांना असे दुसरे आयुष्य मिळणे अवघड आहे. ‘हाउस ऑन हॉन्टेड हिल’चा कॉपीराइट संपल्याने तो आज कोणीही मोबाइलवर फुकट पाहतो आणि त्यावरच मत देतो. सांगाडा हौदातून उठतो, पुढे येत राहतो, आणि दृश्य काही क्षण उगाच लांबल्यासारखे वाटते. ते लांबलेले क्षण पेटीतून सुटलेल्या दुसऱ्या सांगाड्याला शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत यायला ठेवलेले होते.