नाव न ठेवलेलं लेकरू

फ्रँकेनस्टाईन हे राक्षसाचं नाव नव्हे. त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं ते आडनाव. मेरी शेलीच्या याच नावाच्या कादंबरीत त्या घडवलेल्या जिवाला नावच नाही. आपल्याकडे बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून कानात नाव सांगतात, तसं याचं कुणी केलं नाही. पुढे व्हिक्टरनेच त्याला सैतान म्हटलं, किडा म्हटलं. नाव ठेवलं नाही, नावं मात्र ठेवली. मला ही सगळी कादंबरी या दोन क्रियांमधल्या अंतरात घडताना दिसते.

तिची जन्मकथा अनेकांना ठाऊक असते. 1815च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा उगवलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या मंडळींना कवी बायरनने भुताच्या गोष्टी लिहायला सांगितलं. मेरी तेव्हा 18 वर्षांची होती. पण या कादंबरीची मुळं मला आदल्या वर्षात दिसतात. 22 फेब्रुवारी 1815ला मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि 6 मार्चला ती गेली. तिच्या नावाची नोंद नाही. 19 मार्चच्या रोजनिशीत मेरी एक स्वप्न लिहिते: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर जिवंत झालं. मेरीची स्वतःची आई, स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट, लेकीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी बाळंतज्वराने गेली होती. जन्म आणि मरण या मुलीने कधी वेगळे पाहिलेच नव्हते.

सिनेमांनी आपल्याला विजेचा लखलखाट दाखवला. त्यालाही आधार आहे: 1803मध्ये इटालियन शास्त्रज्ञ आल्दिनीने लंडनमध्ये फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेतातून वीज सोडली, तेव्हा जबडा थरथरला, एक डोळा उघडला. मेरी मात्र प्रयोग एका ठिणगीच्या उल्लेखावर आटोपते आणि नंतरच्या रात्रीपाशी थांबते. तो आठ फुटी जीव व्हिक्टरच्या पलंगाचा पडदा सारतो, काहीतरी पुटपुटतो, हात पुढे करतो. नुकतं जन्मलेलं कुठलंही लेकरू करेल तेच. बाप पळून जातो. मला या पुस्तकातली सगळ्यात भीषण जागा हीच वाटते. पुढचे खून तिच्यातून निघतात.

एकटा पडलेला तो एका झोपडीच्या फटीतून भाषा शिकतो. त्याच्याशी मायेने बोलतो तो फक्त तिथला आंधळा म्हातारा. अंगावरच्या कोटाच्या खिशात सापडलेल्या टिपणांतून त्याला स्वतःच्या जन्माची हकिकत कळते, आणि घडवणाऱ्याला आपली किती किळस आली होती तेही. त्याचा पहिला बळी म्हणजे व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम. मेरी हे लिहीत होती तेव्हा तिच्या घरात जानेवारी 1816मध्ये जन्मलेलं बाळ होतं. त्याचंही नाव विल्यम. कोणत्या भीतीने तिने ते नाव तिथे लिहिलं असेल, या विचाराने माझा जीव आजही कासावीस होतो. 1819मध्ये तो मुलगा रोममध्ये वारला.

1 जानेवारी 1818ला पुस्तक निघालं, 500 प्रती, लेखिकेच्या नावाविना. अनेकांनी ते तिच्या कवी नवऱ्याचं मानलं. तिचं नाव 1823च्या आवृत्तीवर आलं. त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर त्याचं नाटक लागलं आणि 29 ऑगस्टला, सव्विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मेरी ते पाहायला गेली. तोवर नवरा बुडून गेला होता, चार मुलांपैकी एकच उरलं होतं. पात्रांच्या यादीत त्या जिवाच्या जागी नुसत्या रेघा छापल्या होत्या. त्या तिला आवडल्या, असं तिने मित्राला पत्रात कळवलं.