लोखंडी टोपीची दंतकथा आणि पेशींचे मुद्दल

पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात गुजरात नावाचे शहर आहे. तेथे सतराव्या शतकातील सूफी संत शाह दौला यांचा दर्गा आहे. मूल होत नसलेल्या स्त्रिया या दर्ग्यात नवस बोलत. नवस फळाला आला की पहिले अपत्य अतिशय लहान डोक्याचे निपजते, ते दर्ग्यालाच वाहावे लागते आणि न वाहिल्यास पुढची मुलेही तशीच होतात, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. उतरते कपाळ, त्या मानाने मोठे दिसणारे कान आणि चिमुकले डोके यांमुळे या मुलांना 'शाह दौल्याचे चूहे' म्हणजे उंदीर हे नाव पडले. त्यांना बरोबर घेऊन फकीर गावोगाव भीक मागत. चूह्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे अशुभ मानले जात असल्याने ही भिक्षा सहसा वाया जात नसे. लाहोरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख एवेन्स यांनी १९०३ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये या मुलांवर लेख लिहिला, तेव्हाही ही प्रथा जुनीच होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाकिस्तान सरकारने दर्ग्याचा कारभार आपल्या औकाफ खात्याकडे घेतला. तरीही अशा मुलांना पुढे करून भीक मागण्याचा व्यवसाय थांबला नाही.

नवसाची कथा भाविकांची झाली. सुशिक्षितांनी तिला उत्तर म्हणून दुसरी कथा रचली. दर्ग्याचे लोक धडधाकट अर्भकांच्या डोक्यावर लोखंडी टोपी घट्ट बसवितात, त्यामुळे कवटी वाढत नाही आणि मेंदू आतल्या आत खुरटतो, अशी ही कथा. ती बुद्धिवादी वाटते, तिच्यात एक खलपुरुष आहे, आणि म्हणूनच ती आजही छापली जाते. वास्तविक गोष्ट उलट आहे. बालकाच्या कवटीची हाडे सांध्यांपाशी मोकळी असतात आणि आतला मेंदू वाढेल तसतशी ती विस्तारतात. मेंदूच लहान राहिला तर कवटीला वाढण्याचे कारण उरत नाही.

या कथेला हसण्याचा अधिकार मात्र युरोपलाही नाही. १८९०मध्ये पॅरिसचे विख्यात शल्यविशारद लानलोंग यांनी अशाच मुलांच्या कवटीची हाडे कापून मेंदूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिचे अनुकरण इतरत्रही झाले. अनेक बालके दगावली, वाचली त्यांच्यात सुधारणा झाली नाही आणि काही वर्षांतच ही शस्त्रक्रिया मागे पडली. लोखंडी टोपीची दंतकथा आणि पॅरिसची शस्त्रक्रिया यांचा पाया एकच होता. दोघांनीही दोष कवटीत शोधला.

तो दोष फार आधी, गर्भाच्या पहिल्या काही महिन्यांत घडून गेलेला असतो. गर्भ चार आठवड्यांचा होतो न होतो तोच त्याच्या पाठीवरील पेशींचा पन्हळ मिटून एक नळी तयार होते. हिच्या पुढच्या टोकाचा मेंदू होतो. नळीच्या आतल्या पोकळीलगत दाटीवाटीने उभ्या असलेल्या पेशी म्हणजे चेतासंस्थेच्या मूलपेशी. प्रौढ मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे १,६०० कोटी मेंदूच्या बाह्यपटलात असतात. या सर्व संपत्तीचे मूळ त्या पातळ थरात आहे.

मूलपेशी दोन प्रकारे विभागते. पहिल्या प्रकारात एकीच्या दोन मूलपेशी होतात, म्हणजे सारी मिळकत मुदलात जमा होते. दुसऱ्या प्रकारात एक मूलपेशी राहते आणि दुसरी चेतापेशी होण्याच्या मार्गाला लागते. एकदा चेतापेशी झाली की ती पुन्हा विभागत नाही. व्याज खर्चासाठी काढून घेण्यासारखाच हा प्रकार होय. निसर्गाचा क्रम असा की प्रथम काही आठवडे मुद्दल दुपटीने वाढवावे आणि ते पुरेसे साठल्यावर खर्चाला आरंभ करावा. चक्रवाढीचा नियम येथेही निर्दय आहे. एका पेशीपासून दहा वेळा दुप्पट झाल्यास १,०२४ पेशी होतात, नऊच वेळा झाल्यास ५१२. निरोगी प्रौढ मेंदूचे वजन १,३०० ते १,४०० ग्रॅम असते, तर या विकारात ते ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपासच राहू शकते. पाहणाऱ्याला ही तफावत प्रचंड वाटते, पण ढोबळ हिशेबाने ती दीड दुपटीची आहे. खर्च काही दिवस लवकर सुरू झाला, एवढेच काय ते घडले. (हा हिशेब अर्थातच सोपा करून मांडला आहे. प्रत्यक्षात काही पेशी मध्येच मरतात आणि काहींची विभागणीच मंदावते.)

हा खर्च लवकर का सुरू होतो, याचे उत्तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले आणि ते मिळण्याची कथा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला खिळवून ठेवणारी आहे. पाकव्याप्त काश्मीरमधील मीरपूर परिसरात १९६०च्या दशकात झेलम नदीवर मंगला धरण बांधले गेले. १९६७मध्ये ते पुरे झाले तोवर एक लाखाच्या आसपास माणसे विस्थापित झाली होती. त्या भागातून इंग्लंडला जाणाऱ्यांचा ओघ आधीपासून होताच; धरणाने त्याला भरती आणली. यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांना रात्रपाळीसाठी मजूर हवे होते. ब्रॅडफर्ड आणि लीड्स येथे मीरपुरी वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर चुलत-मामे भावंडांतील विवाहाची रीतही गेली. लीड्स येथील जनुकतज्ज्ञ जेफ्री वूड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, लहान डोक्याची मुले असलेली कित्येक कुटुंबे याच समाजातील आहेत. १९९८पासून या विकाराशी संबंधित जनुकांची गुणसूत्रांवरील ठिकाणे एकामागून एक सापडत गेली. २००२मध्ये पहिल्या गुणसूत्रावरील 'एएसपीएम' हे जनुक ओळखले गेले. वंशपरंपरेने येणाऱ्या या विकाराचे, म्हणजे मायक्रोसेफलीचे, सर्वांत वारंवार आढळणारे कारण तेच आहे. मीरपूरपासून गुजरातचा दर्गा फार दूर नाही. जे रक्त दर्ग्याच्या अंगणात चार पैशांना विकत होते, त्याच रक्ताच्या नमुन्यातून ते कोडे सुटले.

या जनुकापासून ३,४७७ अमिनो आम्लांच्या साखळीचे प्रथिन तयार होते. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारी धाग्यांची जी चाती तयार होते, तिच्या टोकांशी हे प्रथिन काम करते. उत्परिवर्तनाने जनुकाच्या मजकुरातील एखादे अक्षर बदलते आणि मध्येच 'येथे थांबा' असा अर्थ निघतो. प्रथिन अर्धवट राहते. चाती किंचित कलली तर पेशीची फाळणी तिरपी होते, एक लेक पोकळीलगतच्या आपल्या जागेपासून सुटते आणि मूलपेशी राहण्याऐवजी पुढच्या वाटेला लागते, असे या उपपत्तीचे स्वरूप आहे. तिच्या तपशिलांवर अजून वाद आहे. आज या गटात पंचविसाहून अधिक जनुके गणली जातात आणि त्यांतील बरीचशी पेशीविभाजनाच्या याच यंत्रणेशी निगडित आहेत.

उंदरावरील प्रयोग येथे फारसे उपयोगी पडले नाहीत, कारण तेच जनुक बिघडवूनही उंदराचा मेंदू थोडासाच लहान होतो. २०१३मध्ये व्हिएन्ना येथे मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी वेगळी वाट धरली. अशा एका रुग्णाच्या त्वचेतील पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेऊन त्यांनी त्यांच्यापासून बशीत मेंदूसदृश ऊतीचे गोळे वाढविले. हे गोळे लहान राहिले. त्यांत मूलपेशी कमी होत्या आणि चेतापेशी अवेळी तयार झालेल्या होत्या. मुद्दल लवकर मोडले गेल्याचे येथे प्रत्यक्ष दिसले. २०१८मध्ये फेरेट या प्राण्यात एएसपीएम निकामी केल्यावर मेंदूचे वजन चाळीस टक्क्यांपर्यंत घटले.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. या मुलांच्या मेंदूची मूळ घडण बहुधा शाबूत असते. तो फक्त लहान असतो. म्हणूनच त्यांच्यापैकी बरीच मुले चालतात, थोडेफार बोलतात, माणसे ओळखतात आणि शिकविल्यास साधी कामे करतात. फकिराच्या मागे गावोगाव फिरणे त्यांना जमत होते, ते यामुळेच.

जनुकांच्या या ज्ञानाचा दुरुपयोग करण्याची घाईही झाली. मानवी मेंदू ज्यांच्या बिघाडाने लहान होतो त्या जनुकांचे काही प्रकार अलीकडच्या काही हजार वर्षांत निवडले जाऊन पसरले, असा दावा २००५मध्ये शिकागोचे ब्रूस लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यावरून वंशावंशांतील बुद्धिमत्तेच्या प्रतवारीची जुनी चर्चा लगेच डोके वर काढू लागली. पुढील दोन वर्षांतच या प्रकारांचा मेंदूच्या आकाराशी वा बुद्ध्यंकाशी संबंध नसल्याचे आढळले. जनुक पूर्ण मोडले तर मेंदू खुरटतो, यावरून त्याचा थोडा निराळा प्रकार असलेली माणसे हुशार वा मंद ठरत नाहीत. घराची विटेची भिंत पडली की घर पडते. म्हणून विटेच्या रंगावरून घरातल्या माणसांची पारख होत नसते.

प्रश्न आहे तो या ज्ञानाच्या परताव्याचा. हा विकार अप्रभावी स्वरूपाचा आहे. आई आणि बाप यांच्याकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असली तरी दोघेही निरोगी असतात. प्रत्येक गरोदरपणी मूल बाधित होण्याची शक्यता चारात एक असते. नवसाच्या कथेतली 'पहिले मूल दिले नाही तर पुढचीही तशीच' ही धमकी या आकड्याचीच विकृत सावली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. अडचण अशी की सोनोग्राफीत हा दोष सहसा उशिरा दिसतो. अठरा-वीस आठवड्यांच्या नेहमीच्या तपासणीत डोक्याचा घेर अनेकदा सर्वसाधारण वाटतो. २०२१च्या सुधारणेनंतर आपल्याकडील गर्भपाताच्या कायद्याने काही वर्गांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांची मुदत दिली आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. कुटुंबातील उत्परिवर्तन आधीच माहीत असेल तर वारेच्या ऊतीची तपासणी दहा-बारा आठवड्यांतच करता येते आणि आईबापांना निर्णयासाठी शांतपणे वेळ मिळतो. केंद्र सरकारने २०१९मध्ये 'उम्मीद' योजनेखाली मोजक्या शासकीय रुग्णालयांत आनुवंशिक विकारांची निदानकेंद्रे काढली. खेड्यातून तेथवर पोहोचण्याचा गाडीखर्च आणि बुडालेली मजुरी मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

नात्यातील लग्ने बंद करा, असे व्याख्यान देणे सोपे आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात कितीतरी समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. तामिळनाडू व कर्नाटकात तर चौथ्या हिश्शाहून अधिक विवाह रक्तसंबंधांत होतात. या रीतीमागे हिशेब आहे. जमीन घरात राहते, हुंड्याचा भार हलका होतो आणि मुलगी ओळखीच्या उंबरठ्यात जाते. हा हिशेब न ओळखता केलेला उपदेश ऐकला जाणार नाही. ब्रॅडफर्डमधील हजारो बालकांच्या पाहणीत २०१३मध्ये दिसले की, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहाने जन्मजात व्यंगाचा धोका शेकडा तीनवरून सहावर जातो. याचा अर्थ धोका दुप्पट होतो, आणि असाही की शंभरातील चौऱ्याण्णव मुले अशा व्यंगावाचून जन्मतात. दोन्ही वाक्ये एकाच दमात सांगणारा सल्लागार हवा. शिवाय नात्याबाहेर पण शेकडो वर्षे एकाच पोटजातीत लग्ने करणाऱ्यांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

झिका विषाणू याच मूलपेशींवर हल्ला करतो. २०१५मध्ये ब्राझीलच्या ईशान्येस लहान डोक्याची बालके मोठ्या संख्येने जन्मू लागली, तेव्हा १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी पुकारली. २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे एक रुग्ण सापडताच आरोग्ययंत्रणा गावात धावली. २०२४मध्ये पुणे शहरातील गरोदर स्त्रियांची तपासणीही झाली. हे योग्यच झाले. जनुकाचा विकार साथीसारखा गावात शिरत नाही. तो एकेका घरात, एकेका बाळंतपणात येतो आणि त्यामुळे कोणत्याही खात्याच्या तक्त्यात बसत नाही.

अशा घरासाठी तातडीची गोष्ट एकच आहे. बाधित मूल हयात असताना त्याच्या रक्ताचे दोन-तीन घनसेंटीमीटर काढून त्यातील डीएनए जपून ठेवावा लागतो. मूल गेल्यावर नेमके कोणते जनुक बिघडले होते हे शोधणे फार अवघड होते आणि त्याच्या आईच्या पुढच्या गरोदरपणी तपासायचे काय, हेच डॉक्टरला ठाऊक नसते.